चष्मेवाल्याचा कोट

मला थापच मारायची असती, तर मी रात्र निवडली असती. वादळ, गेलेले दिवे, रिकामा रस्ता, सगळं घातलं असतं.

पण हे घडलं ते दुपारी सव्वातीन वाजता. गुरुवारी. बाहेर लख्ख ऊन होतं आणि गल्लीत कोणीतरी गाडी धूत होतं.

ज्या मावशीच्या बाबतीत हे घडलं ती माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. आजही धडधाकट आहे. तिच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मावशी शिवणकाम करते. घराच्या खालच्या खोलीत दुकान, एक पायमशीन, एक लांबलचक टेबल. पुरुषांचे कपडे उसवून अंगाबरहुकूम बसवून देण्यात तिचा हातखंडा. कपड्यावरून ती माणूस ओळखते. कोण कुठल्या खिशात सारखा हात घालतो, कोण खुर्चीत कलंडून बसतो, कोणाचं घरात पटत नाही. आई म्हणायची, हिच्यासमोर बसण्यापेक्षा पोलिसासमोर बसलेलं बरं.

गल्लीच्या टोकाला चष्मेवाला राहायचा. तीस वर्षं तो घरातल्याच दुकानात काचा घासत बसला. एका बाजूला वाकून वाकून त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली आला होता. त्याच्या प्रत्येक कोटात मावशी डावीकडे जाड गादी भरायची.

एक दिवस काच हातात असतानाच छातीत कळ आली, आणि तो गेला.

सात महिन्यांनी त्याची बायको मावशीकडे आली. पिशवीत त्याच्या दोन पँटी आणि तीन शर्ट. मावशीला वाटलं, कोणाला तरी देऊन टाकायचे असतील.

बाईंनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. नवी मापं होती.

कंबर दोन इंच कमी. छाती एक इंच जास्त. आणि खांदे...

दोन्ही खांदे सारखे.

"कोणासाठी, वहिनी?"

"त्यांच्यासाठीच," बाई म्हणाल्या.

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि अगदी शांतपणे सांगायला लागल्या. नवरा गेल्यापासून त्या एका लहानशा, वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनासभेला जायला लागल्या होत्या. तिथे म्हणे शिकवत होते की मेलेला माणूस कुठे जात नाही, तो फक्त झोपलेला असतो. स्वर्ग मोजक्यांसाठी. बाकीचे सगळे इथेच उठणार, याच पृथ्वीवर, हाडामांसाच्या देहाने. तरुण होऊन, निरोगी होऊन. मग म्हातारपण नाही की मरण नाही. तेव्हा जुने कपडे कसे बसतील, एवढंच त्यांचं म्हणणं.

मावशी चर्चला जाणारी. तिथे पाळकांनी चष्मेवाल्याच्या शवपेटीसमोर उभं राहून सांगितलं होतं की त्याचा आत्मा देवाजवळ पोचला, आता त्याला विसावा आहे. पण शोकात बुडालेल्या बाईशी कोण वाद घालणार? तिने पिशवी ठेवून घेतली.

रात्री जेवणाआधी कपडे उलगडले आणि तिचा हात थांबला.

पँटींच्या गुडघ्यांना पोक आलं होतं. ताजं. कपाटात टांगलेल्या पँटीला गुडघे येत नाहीत. शर्टांच्या कोपरांवर चुण्या पडल्या होत्या, वापरून पडतात तशा.

म्हणजे हे कपडे कोणीतरी घालत होतं.

मावशीच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. बाईंनी घरात कोणालातरी आणून ठेवलंय, आणि वर देवाधर्माचं पांघरूण घातलंय. तिला थोडा रागच आला. सात महिने म्हणजे काय होतात?

तरी एक गोष्ट जुळेना. तिने शर्टाची कॉलर उजेडात धरली. काखा पाहिल्या. नाकाला लावून पाहिलं.

घामाचा डाग नाही. मळ नाही. वास... कसलाच नाही.

कपडे वापरलेले होते, आणि त्यात अंग नव्हतं.

दोन दिवसांनी चष्मेवाल्याची थोरली बहीण दुकानात आली. आली ती बटण लावून घ्यायच्या निमित्ताने. बटणाकडे तिचं लक्षही नव्हतं. भावजय आपल्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही, म्हणाली. दारातूनच बोलून वाटेला लावते. आतून काच घासायच्या चाकाचा आवाज येतो. घर्रर्र... आणि आपण बोलायला लागलं की थांबतो.

"माझा भाऊ स्वर्गात आहे," ती म्हणाली. "हिने दुसरा आणला तर आणू दे. पण त्याला माझ्या भावाच्या कपड्यांत फिरवायचं काय कारण? तू आत जाऊन एकदा बघ. तुला कोण अडवणार?"

मावशीने बघते म्हटलं. खरं तर तिलाही राहवत नव्हतं.

पण जायचं कारण बाईंनीच आणून दिलं. पुढच्या सोमवारी त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. टेबलावर ठेवलं.

काळा कोट होता.

पाठीवर कॉलरपासून खालपर्यंत उभा चिरलेला.

"एवढी पाठ शिवून द्या," बाई म्हणाल्या.

मावशी सांगते, कोट तिने बघताक्षणी ओळखला.

कारण तो कोट तिनेच चिरला होता.

चष्मेवाल्याला पेटीत ठेवायच्या सकाळी देह इतका ताठला होता की हात बाहीत जाईनात. पेटीवाल्याने मावशीला बोलावून घेतलं. अशा वेळी कपड्याची पाठ कापतात, पुढून चढवतात आणि मागची टोकं अंगाखाली दुमडून टाकतात. समोरून कळत नाही. मावशीने कात्री चालवली, पण ती पाठीच्या डाव्या बाजूला घसरली आणि काप बोटभर वाकडा गेला. तेव्हा खोलीत ती आणि पेटीवाला, दोघंच होते.

टेबलावरच्या कोटाचा काप तिथेच वाकडा गेला होता. बोटभर.

बाईंना तिने कसंबसं हो म्हटलं, आणि त्या गेल्या तशी थेट पेटीवाल्याकडे गेली. तिला पक्कं वाटत होतं, यानेच ऐनवेळी कोट काढून बाईंच्या हवाली केला असणार. पेटीवाला बिचारा रंधा मारत होता. तो उलट तिच्याकडेच बघायला लागला. झाकणाचे स्क्रू मी माझ्या हाताने आवळले, म्हणाला. कोट त्याच्या अंगावर होता. त्याची बहीण पेटी मातीत जाईपर्यंत हलली नाही.

"टोकं तुम्हीच तर दुमडलीत, ताई."

मावशी परत आली. पाठ नुसत्या कच्च्या टाक्यांनी जोडली. बाईंना निरोप धाडला की अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई करता येणार नाही.

गुरुवारी दुपारी तीनला या, असा उलटा निरोप आला.

ती गेली. दाराशी पोचली तेव्हा आत चाक फिरत होतं.

घर्रर्र...

तिने कडी वाजवली. चाक थांबलं.

बाईंनी तिला आत घेतलं. पुढची खोली नीटनेटकी होती. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी, कोपऱ्यात बाईंचं शिवणयंत्र. आतल्या खोलीला पडदा होता. बाईंनी पडद्याशी उभं राहून दोनच गोष्टी सांगितल्या. मागूनच बघा. पुढे जाऊ नका.

आत खिडकीकडे तोंड करून एक पुरुष उभा होता.

काळे केस. सरळ पाठ. तिशीतला वाटावा असा. मावशीच्या मनातून भीती एकदम गेली आणि संताप आला. म्हणजे शंका खरी होती. कोण कुठला धडधाकट बाप्या, मेलेल्या माणसाचे कपडे घालून मिरवतो.

तिने त्याच्या अंगावर कोट चढवला. त्याने हात मागे केले, मुकाट्याने. तिने खांद्यांवर टेप धरली. दोन्ही सारखे. मग काखेखालून टेप फिरवून छातीचं माप घेतलं.

चाळीस.

शिंप्याला एक गोष्ट सवयीने माहीत असते. छातीवर टेप धरली की माप हलतं. श्वास घेतला की अर्धा इंच वाढतं, सोडला की उतरतं. म्हणून थोडं थांबायचं असतं.

मावशी थांबली.

चाळीस.

बाहेर गाडी धुणाऱ्याने बादली ओतल्याचा आवाज आला. ती थांबूनच होती.

चाळीस... चाळीस... चाळीस.

टेप केसभरही हलली नाही.

आणि मग तो बोलला. मान न वळवता, बाईंना ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

"ताई... पाठ शिवू नका."

हा आवाज तिने गेली वीस वर्षं ऐकला होता. खालची ओळ दिसते का, असं विचारणारा. त्यात कुठेही गफलत नव्हती.

तिने कोट उतरवला. कसा, ते तिला आठवत नाही. बाहेर आली तेव्हा बाईंनी यंत्रात काळा दोरा ओवून ठेवला होता.

"काही बोलले का?" त्यांनी विचारलं.

मावशीने कोट हातावर उलटा केला.

"माझ्याशी बोलत नाहीत," बाई म्हणाल्या. "आल्यापासून एक शब्द नाही. श्वासही घेत नाहीत. मला वाटतं, पाठ उघडी राहिली म्हणून असेल. अर्धंच येणं झालं असेल."

त्यांचे डोळे भरले होते. त्या आशेने मावशीच्या हातांकडे बघत होत्या.

"नाही," मावशी म्हणाली. "काही बोलले नाहीत."

आणि ती यंत्रावर बसली.

का बसली, हे मी तिला विचारलंय. ती म्हणते, मी स्वतःला समजावलं की हा कोणीतरी बदमाश आहे, चष्मेवाल्याचा आवाज काढतो, श्वास रोखून धरतो. असल्या लबाडाचं मी का ऐकावं? आणि समोर ती बाई रडत होती. मी शिवत गेले. कॉलरपासून खालपर्यंत. वाकड्या कापावर दोनदा.

यंत्र चालू असेपर्यंत आतून काहीच आवाज नव्हता. बाई कोट घेऊन पडद्याआड गेल्या. कापडाची सळसळ झाली. 

आणि मग श्वास.

खूप वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. लांब, खरखरीत. त्यामागून दुसरा. तिसरा. आणि त्याच श्वासांवर कोणीतरी हुंदके द्यायला लागलं. पुरुषाचे हुंदके.

बाई आत हसत होत्या.

मावशी टेप तिथेच टाकून घरी आली.

चष्मेवाल्याच्या बहिणीला तिने सांगितलं की घरात कोणी नाही, वहिनी एकटीच असते. आठवड्याभरात ते घर बंद झालं. बाई कुठे गेल्या, कोणाला सांगून गेल्या नाहीत. समोरचे म्हणतात एकट्याच गाडीत बसल्या. त्यांच्या शेजारचे म्हणतात, सोबत एक तरुण होता, आणि बाईंनी त्याचा दंड घट्ट धरला होता.

मावशी अजून चर्चला जाते. कधीकधी मी तिच्याशेजारी बसतो. सगळे उभे राहून आपली श्रद्धा बोलून दाखवतात, तेव्हा ती सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून बोलते. देहाच्या उठण्याचं आणि सार्वकालिक जीवनाचं वाक्य आलं की मात्र तिचे ओठ मिटतात. ती वाक्य जाऊ देते.

एकदा बाहेर पायऱ्यांवर मी तिला म्हटलं, अगं, असेलही कोणी भामटा. इतकी वर्षं झाली, सोडून दे.



"पाळक म्हणाले होते, त्याला विसावा मिळालाय," ती म्हणाली. "ते खरं असलं तर... मी त्याला कुठून आणलं?"

ती एक पायरी खाली उतरली.

"आणि वहिनी म्हणायच्या ते खरं असलं, तर त्याला आता मरणही नाही."