अर्धी जुळणी

प्रयोगशाळेत मला सगळे 'रक्तपेढी' म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ठाऊक आहे. रक्तातल्या लढाऊ टी-पेशींवर काम करायचं तर तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि सुईचं नाव काढलं की विद्यार्थ्यांना नेमकं कुठेतरी महत्त्वाचं काम आठवतं. मग मीच बाही वर करते. पीएचडीच्या दिवसांपासून आमच्या संस्थेत कर्करोगाच्या गाठीवर कुणाच्याही पेशी सोडा, थाळीच्या शेजारच्या खोबणीत तुलनेला माझ्या असायच्याच.

टी-पेशींचं सगळं शहाणपण एका प्रश्नात मावतं: समोरचा आपला की परका? आपला असेल तर त्या निमूट बसतात, परका असेल तर तुटून पडतात. कर्करोग आपलेपणाचं सोंग घेतो. ते सोंग ओळखायला त्यांना शिकवणं हा माझा धंदा. माणसांच्या बाबतीत मला ही कला कधी साधली नाही. लग्न केलं नाही, मैत्रिणी एकेक करत दूर गेल्या, आई जाऊन बरीच वर्षं झाली. उरले बाबा. ते निवृत्त आरेखक. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे आणि रोज संध्याकाळी फोन करून माझ्या चुका काढायचे. मी त्यांच्या काढायचे. ते मला मास्तरीणबाई म्हणतात ते त्यामुळेच.

त्यांना रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा मी रडले नाही, कामाला लागले. औषधांनी आजार दबला आणि पुन्हा उसळला. त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर माझा वर्गमित्र, आम्ही त्याला लंबू म्हणायचो. आता दात्याच्या टी-पेशी हाच एक मार्ग उरलाय, असं तो म्हणाला. दाता शोधायची गरजच नव्हती. पोटची मुलगी बापाशी अर्धी जुळतेच, त्यात नशिबाचा भाग नसतो. मी रक्त देऊन आले.

आठवड्याने लंबूने मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"जुळत नाहीये," तो म्हणाला. "अर्धंसुद्धा नाही. हे बघ, अशा गोष्टी बऱ्याच घरांत निघतात. तुझ्या आईबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण..."

मला हसूच आलं. माझं नाक, माझे कान, माझा तिरसट स्वभाव, सगळं बाबांकडून जसंच्या तसं उचललेलं. शिवाय जुळणीसाठी पाहतात त्या माझ्या पेशींवरच्या खुणा मला तोंडपाठ होत्या, आणि बाबांचा आजार निघाला त्याच आठवड्यात मी त्यांच्याही तपासून ठेवल्या होत्या. आम्ही चोख अर्धे जुळत होतो. तुमच्या लोकांनी नमुने बदलले, असं त्याला सुनावून मी पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेच आलं.

मग मी आमच्याच प्रयोगशाळेत, स्वतःच्या डोळ्यांदेखत, तंत्रज्ञ बाईंकडून रक्त काढून घेतलं. या बाईंनी आजवर माझं इतकं रक्त काढलंय की त्यांना डास म्हणायची आमच्यात चाल आहे. त्यांनी उजवा हात पाहिला, डावा पाहिला, परत उजव्यावर आल्या. "शीर सापडत नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमची तर मला डोळे मिटून सापडायची." तपासणी मी स्वतः केली. ते रक्त बाबांच्या मुलीचं नव्हतं. माझ्या जुन्या नोंदीशीही ते कुठेच मिळत नव्हतं.

द्रव नायट्रोजनच्या टाकीत माझ्या तरुणपणीच्या पेशी होत्या. संस्थेने दात्याच्या पेशींची पहिली चाचणी घेतली तेव्हा निरोगी स्वयंसेवक म्हणून मी त्या दिल्या होत्या, रुग्णाला चालतील अशा निर्जंतुक रीतीने गोठवलेल्या. मी झाकण उघडलं, वाफ बाजूला सरेपर्यंत थांबले, एक कुपी काढली आणि कोमट पाण्यात हलवत वितळवली. इतकी वर्षं गोठलेल्या पेशी निम्म्याअधिक मरतात. या जवळजवळ सगळ्या जिवंत होत्या. आणि बाबांशी त्या चोख अर्ध्या जुळल्या.

मी जुन्या आणि नव्या पेशी एका थाळीत एकत्र ठेवल्या. दोन्ही माझ्याच, फक्त वयं वेगळी. अशा वेळी काहीही व्हायला नको. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जुन्या पेशी फुगल्या होत्या, द्राक्षांसारखे घोस करून नव्या पेशींना भिडल्या होत्या. परकं माणूस दिसल्यावर करतात ते सगळं त्या करत होत्या. नव्या पेशी उलटून काहीच करत नव्हत्या. मी नव्या पेशी तंत्रज्ञ बाईंच्या पेशींसमोर ठेवल्या, बाबांच्या ठेवल्या, अगदी कर्करोगाच्याही ठेवल्या. त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. नुसत्या तळाशी पडून होत्या. ते पाहून मला फार एकटं वाटलं.

मी चुका शोधल्या. भेसळ, अदलाबदल, माझा स्वतःचा एखादा आजार. काहीच बसेना. पण बाबांकडे वेळ नव्हता, आणि त्यांना लागणाऱ्या पेशी माझ्या हातात होत्या. तुझे नमुने सदोष निघाले, जुन्या साठ्यातून पेशी वाढवते, असं लंबूला कळवलं. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने पुढे काही विचारलंच नाही.

पेशी उबदार कपाटात वाढू लागल्या. त्यांचं खाद्य लाल असतं. पेशी जोमात असल्या की ते पिवळं होत जातं. मी इतका जोम आयुष्यात पाहिला नव्हता.

आधी संस्थेच्या फाटकावरचं हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेईना. नंतर पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं, अगदी अदबीने, आणि फोटोकडे बघत राहिला. इमारतीतल्या शेजारीणबाईंनी जिन्यात विचारलं, नवीन आलात का? एका सकाळी माझ्याच विद्यार्थिनीने मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाली, "मॅडम अजून आल्या नाहीत. थांबता का?" मी तिला झापायला तोंड उघडलं. ती थट्टा करत नव्हती.

मी एकदा घडलेल्या गोष्टीला योगायोग म्हणते. पण हे सगळं पेशी वाढू लागल्यापासूनचं होतं, म्हणून प्रयोग करून पाहिला. पेशींच्या बाटल्या उबेतून काढून थंड कपाटात ठेवल्या. वाढ थांबली. त्या दुपारी पहारेकऱ्याने मला नावाने हाक मारली आणि विद्यार्थिनी माझ्यासमोर प्रबंधाचं रडगाणं घेऊन बसली. ते कंटाळवाणं रडगाणं मला कधी इतकं गोड वाटलं नव्हतं. बाटल्या परत उबेत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ बाईंनी मला विचारलं, आपलं कुणाकडे काम होतं?

पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं.

ब्लीचची बाटली टेबलावरच होती. प्रत्येक बाटलीत थोडं ओतलं असतं की संपलं. मी भ्याले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी टोपण घट्ट केलं आणि आधी बाबांकडे गेले.

ते उशांना टेकून बसले होते. चेहऱ्यावर फक्त नाक उरलं होतं.

"आलीस? बरं झालं. बाकीचे सगळे सुया घेऊनच येतात."

मी विचारलं, "बाबा, मी कोण?"

"औषधांनी माझे केस गेलेत, मास्तरीणबाई. अक्कल नाही गेलेली."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण उगाच नीट करत बसले. आता जगात मला ओळखणारं ते एकच माणूस उरलं होतं. थोड्या वेळाने ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मला अजून जायचं नाही गं."

असं ते कधी बोलले नव्हते. आई गेली तेव्हाही नाही.

मी बाटल्या उबेतच ठेवल्या.

पेशी द्यायच्या दिवशी लंबू दारात आडवा आला. "आपण कुठल्या विभागातून?"

"प्रयोगशाळेतून," मी म्हणाले. त्याने मला आत सोडलं.

पिशवी तळहाताएवढी होती. बाबांनी माझा हात धरला होता. पिशवी अर्धी झाली तेव्हा त्यांची पकड सैल झाली.

ती संपत आली तेव्हा त्यांनी हात हळूच, संकोचाने, काढून घेतला.

ते बरे झाले. आजाराचा एकही कण रक्तात सापडत नाही, असं मला प्रयोगशाळेतल्या बोलण्यातून कळलं. तिथे मी आता फाइली पोचवायला आलेली कुणीतरी असते. मला आनंद झाला. खरंच झाला.

उन्हाळ्याच्या भर दुपारी मी त्यांच्या घरी गेले. बाबांनी दार उघडलं. गाल भरले होते, डोक्यावर कोवळे केस उगवले होते. आतून गरम हवेचा झोत आला. सगळ्या खिडक्या बंद होत्या, कोपऱ्यात हीटर लावलेला होता आणि बाबा घामाने निथळत होते.

"इस्पितळातून आलात का? मी छान आहे, सांगा त्यांना," ते म्हणाले. "आत या म्हटलं असतं, पण उकाडा सोसणार नाही तुम्हाला. मुलगी राहायला आलीय. तिला सारखी थंडी वाजते. हात तर बर्फासारखे."

त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

आतल्या खोलीत पांघरूण सरकल्याचा आवाज झाला.

"कोण आलंय, बाबा?"

तो माझा आवाज होता. बराच तरुण, झोपेतून उठलेला.

बाबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"कोणी नाही गं," ते म्हणाले, आणि ऊब जाऊ नये म्हणून हलकेच दार लावून घेतलं.