दिवा लागायच्या आत

"अहो बाई, पुरी पळून राह्यली का?"

मी दचकून वर पाहिलं. पलीकडच्या बाकावरचा एक चष्मेवाला तरुण माझ्याकडे बघून हसत होता. शिरपूरहून वाशीमला निघालेली एस.टी., माझ्या मांडीवर डबा आणि तोंडात अख्खी पुरी! शेजारी आई खिडकीला टेकून पेंगत होती. तिनं शिरपूरच्या मंदिराच्या भोजनशाळेत वेळेवर जेवून घेतलं होतं. मी मात्र मामेबहिणींशी गप्पा मारत बसले आणि डबा तसाच राहिला.

"पुरी नाही, सूर्य पळून राह्यला," मी घास गिळत म्हटलं. बाहेर तुरीच्या शेतांवर ऊन तिरपं झालं होतं.

"मंग? सूर्य गेला त पुरी कडू होते का?"

"आमी जैन आहो. दिवे लागल्यावर खात नाही. चौविहार म्हन्तेत त्याले."

"पानीसुदिक नाही?"

"नाही."

"अन्… नवऱ्यानं लाडानं पेढा आनला तरी?"

माझा हात डब्यातच थांबला. "पेढ्याचं कायले इचारता?"

"काही नाही… म्हंजे, मी उदयसिंग. अकोल्याच्या साप्ताहिकात नाटकांवर लिहितो…"

असं! म्हणजे हाच तो! चौऱ्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यात अकोल्याच्या स्पर्धेत मी नाटक केलं होतं. लिहिलेलं मीच आणि नायिकाही मीच. त्यावर या गृहस्थानं छापलं होतं, 'संध्याकाळी दमून आलेल्या नवऱ्याच्या हातचा पेढा नायिका न खाता बाजूला ठेवते. हा रुसवा कशाचा, हे शेवटपर्यंत कळत नाही. लेखिकेला आपल्याच नायिकेचं मन उमगलेलं नाही.' मला ते तोंडपाठ झालं होतं. आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांनी ते बाबांना हसत हसत ऐकवलं, आणि बाबांनी घरी येऊन निकाल दिला, "झालं नाटक. वाशीमचा एक प्रयोग कबूल केला हाय, तेवढा कर. मंग लगन." या माणसामुळे माझ्या वाट्याला रंगभूमीची एकच संध्याकाळ उरली होती.

"मीच ती," मी म्हटलं. "मन न उमगलेली." रंग न लावलेल्या तोंडानं त्यानं मला ओळखलंच नव्हतं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी… मी माफी छापतो."

"माफी नोका छापू. वाशीमचा प्रयोग पाहा."

"पाहीन. पन एक सांगू? रागावसान तुमी."

"रागावलेलीच आहो!"

"तुमच्या घरात सगळ्याईले ठाऊक हाय. आमच्या मानोऱ्याकडच्या मानसाले कोन सांगन? तुमच्या नाटकात सूर्य कुठी हाय?"

मी फाडकन डबा बंद केला. दोन पुऱ्या राहिल्या होत्या. राहू देत! वाशीम येईपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं नाही… म्हणजे एकदाच बघितलं. तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. घरात पाय ठेवेपर्यंत मला कळून चुकलं, की मेल्याचं बरोबर होतं.

मी पेढ्याचा तो अंक पुन्हा लिहायला घेतला. तालमी सुरू झाल्या आणि दर रविवारी उदयसिंगला वाशीमला काहीतरी काम निघू लागलं. ऊन कलायला लागलं की तो तालमीच्या दारात यायचा आणि एवढंच विचारायचा, "जेवल्या का?" नाटकाबद्दल एक अक्षर नाही. मी तोऱ्यात "हो" म्हणायची. पण रविवारी ऊन उतरायला लागलं, की माझं लक्ष संवादांवर कमी आणि दाराकडेच जास्त असायचं.

प्रयोगाला सगळं वाशीम लोटलं. या वेळी पेढ्याच्या आधी सूर्य होता. सासू दिव्याची काच पुसते आहे, नायिका ताट वाढून दारात बसली आहे, भिंतीवरचं ऊन वर वर सरकतं आहे. सासू दिवा लावते, आणि मग नवरा धापा टाकत येतो, हातात पेढ्याची पुडी! तो दिव्याकडे बघतो, ती पुडीकडे. ती पेढा कोनाड्यात ठेवते. तोही आपलं ताट सारून तिच्याशेजारी बसतो. कुणी काही बोलत नाही.

आणि मागून आमचे पोशाख शिवणारे शफीकचाचा न राहवून ओरडले, "अरे बेटा, सबेरे खा लेना दोनों!"

सगळा मांडव हसला, आणि हसता हसता बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पहिल्या रांगेत उदयसिंग चष्मा काढून बसला होता. मला वाटलं, मिळालं, सगळं मिळालं.

साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात त्यानं लिहिलं, 'मागे चूक माझी झाली होती. नायिकेचं मन लेखिकेला पुरतं ठाऊक आहे.' आणि खाली, 'मात्र तिसऱ्या प्रवेशात ती फार घाई करते.' बाबांनी ते दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं.

"ह्या पोट्ट्यानं आपली चूक कबूल केली, अन् तुह्या नाटकातली खोटही काढली. खरं बोल्ते हा." मग घडी घालता घालता, "दुसरं नाटक कधी लिहितं?"

लग्नाचं नावही काढलं नाही. मी देव्हाऱ्यासमोर जाऊन ढसाढसा रडले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी ओट्यावर उभी होते. स्टँडकडून कुणीतरी पळत येत होतं. उदयसिंग! हातात पेढ्यांचा पुडा. तो ओट्यापाशी पोहोचला आणि आत आईनं दिवा लावला.

"एस.टी.नं घात केला," तो धापा टाकत म्हणाला.

"आता सकाळीच खाईन मी. तुमाले कोनं अडवलं? खा ना."

"मीही नाही खात आताशा…"

"काहून?"

"त्या दिवसापासून… दिवे लागले का वाटते, तुमी डबा बंद करून बसल्या असान. घासच उतरत नाही."

रंगमंचावर मी कधी अडखळले नव्हते. आता तोंडातून शब्द फुटेना.

"वाक्य इसरल्या का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही… लिहून राह्यली."

आतून बाबांचा आवाज आला, "कंचन, पाव्हन्याची गादी दुकानाच्या माडीवर घाल. सकाळी पेढे खाऊनच जाईन तो!"

आमच्या लग्नावरून दोन्ही घरांत पुढे जे महाभारत झालं, त्याचं नाटक मी अजून लिहिलेलं नाही. बाकी पुष्कळ लिहिली. टीकाकारांनी काही डोक्यावर घेतली, काही धुऊन काढली. सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर, धुणाऱ्यांचे जास्त. उदयसिंगनं मात्र माझ्यावर पुन्हा ओळ लिहिली नाही. म्हणतो, "सोताच्या बायकोवर लिहिलं त छापन कोन?"

पण प्रयोग कुठल्याही गावी असो, ऊन कललं की तो रंगपटाच्या दारात डबा घेऊन उभा असतो. "जेवल्या का?"

"नाही," मी म्हणते. आता मी मुद्दामच थांबलेली असते.