ऐलतीरची खिडकी

लाइट यायला अर्धा तास तरी आहे. बसा, मेणबत्ती लावतो. नाही, नाही, तुम्ही सोफ्यावर बसा, मी या स्टुलावरच बरा. वेबसाइट बनवणारा माणूस दिवसाचे दहा तास बिनपाठीच्या स्टुलावर काढतो म्हणून बिल्डिंगमध्ये सगळे हसतात. हसू देत. माझी खुर्ची कुठे गेली ते ओघात येईलच.

या बिल्डिंगमध्ये मला थापाड्या म्हणतात, आणि ते खोटं नाही. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये एका रिक्षात मूल जन्मलं आणि ठाण्याला पोचेपर्यंत त्याचं बारसंही उरकलं, ही गोष्ट माझीच. धंदाही काही वेगळा नाही. ना ऑफिस, ना साहेब. मी, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांचे फोन. गिऱ्हाईक म्हणतं, "फोटो वगैरे काही नाहीत, तूच कर काहीतरी." मी करतो. वीस वर्षं करतोय. माझी एक खास युक्ती आहे. दाताचा दवाखाना असो की लग्नाचा हॉल, पहिल्या चित्रात मी एक रिकामी खुर्ची ठेवतो. बघणारा मनातल्या मनात आपलं माणूस त्या खुर्चीत बसवतो. एकदा बसवलं की फोन करतोच.

ही युक्ती मला समोरच्या दारात सापडली. तिथे वासंतीकाकू राहायच्या. शाळेत शिकवायच्या. माझी आई नोकरीला, म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्याकडे. दारात दिसलो की टेबलाखालून पायाने खुर्ची ढकलायच्या. खुर्ची तिरकी होऊन माझ्यासमोर यायची. "बस विन्या. आज काय झालं ते सांग. खोटं असलं तरी चालेल." ऐकून झालं की त्यांचा निकाल ठरलेला. "थाप चांगली आहे रे. शेवट तेवढा कच्चा आहे."

दोन वर्षांपूर्वी कल्याणच्या दौलतशेठचं काम आलं. कल्याणजवळच मोहन्याला त्यांचं वृद्धांसाठी घर होणार होतं, नाव 'ऐलतीर'. बांधकाम चालू होतं, फोटो नव्हते.

"नदी दिसते का?" मी विचारलं.

"नदी मागेच आहे रे. पण खोल्यांमधून नाही दिसत, मध्ये भिंत येते."

"दिसेल," मी म्हटलं.

आणि मी खिडकी काढली. मोठी, लाकडी, निळ्या चौकड्यांच्या पडद्याची. तिच्यात नदी, नदीकाठी बगळे. खिडकीसमोर वेताची रिकामी खुर्ची. स्वतःच्या कामावर इतका खूश मी क्वचितच झालोय. जागा बघायला मात्र गेलो नाही. रिक्षाने तासाभराचा रस्ता, पण नाही गेलो.

तीन महिन्यांनी काकूंचा मुलगा अपूर्व, त्याचा मेलबर्नहून फोन. "विनीतदादा, आईला आता एकटं ठेववत नाही. मोहन्याला एक जागा बघितलीय. साइटवर ती खुर्ची बघितली आणि मला आईच दिसली तिच्यात. कशी आहे रे जागा?"

तिथे बोलायला हवं होतं. एकच वाक्य. पण मी काय बोललो, सांगू? "अरे, ती साइट मीच केलीय!" छाती फुगवून.

"मग प्रश्नच मिटला," अपूर्व म्हणाला.

काकू तिथे राहायला गेल्या. मी दर रविवारी फोन करायचो. पहिल्याच रविवारी भीतभीत विचारलं, "काकू, खिडकीतून नदी दिसते ना?"

"दिसते ना रे! आज सात बगळे होते. एक लंगडा आहे बिचारा."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, दौलतशेठने चित्र बघून खरोखरच खिडकी पाडून घेतली. मग दर रविवारी बगळ्यांची खबर. आणि शेवटी एकच वाक्य, "एकदा येऊन जा ना रे." मी म्हणायचो, "येतो की, या आठवड्यात." चौदा महिने म्हणत होतो. माझ्या सगळ्या थापांत ही सर्वांत स्वस्त.

फेब्रुवारीत काकू झोपेतच गेल्या. अपूर्व आला, कल्याणच्या स्मशानात सगळं उरकून परत गेला. जाताना म्हणाला, "आईची एक बॅग तिथेच राहिलीय. आणून ठेवशील?"

एवढंच काम होतं. मंगळवारी दुपारी दोनला मोहन्याला पोचलो. बाहेर रणरणतं ऊन, आत पाऊल टाकलं तर लांबच लांब बोळ आणि मिट्ट काळोख. फिनेलचा वास, त्यात करपलेल्या भाताचा. कुठेतरी नळ ठिबकत होता. तिथलं सगळं बघणाऱ्या मालनताईंनी बॅग आणून दिली. हलकी होती. तेवढ्यावर निघालो असतो तर...

"त्यांची खोली बघू?" मी विचारलं.

"बघा. आता मंजुळाबाई असतात तिथे. आठवडा झाला येऊन."

खोलीत पलंग, पलंगावर एक म्हातारी पाठ टेकून बसलेली. समोर वेताची खुर्ची. खुर्चीसमोर भिंत. चुन्याची, कोरी, सलग भिंत.

"ताई... खिडकी?"

"कसली खिडकी? पहिल्यापासून भिंतच आहे, दादा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "काकू आल्या ना, त्या दिवशी या भिंतीकडे बघून खूप हसल्या. म्हणाल्या, थाप चांगली आहे. मग खुर्ची मागून घेतली. रोज दुपारी इथेच, भिंतीकडे तोंड करून. रविवारी फोनपण इथूनच. मी म्हटलं, का खोटं बोलता हो? तर म्हणाल्या, त्याला वाईट वाटेल."

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

"जरा सरका हो," पलंगावरून मंजुळाबाई म्हणाल्या. "बगळे झाकले जातायत."

मी मालनताईंकडे बघितलं. त्या दारापर्यंत मागे सरकल्या होत्या.

"किती... किती आहेत, आजी?"

"सात. तो बघा, लंगडतोय."

"मी नाही हो काही सांगितलं यांना..." मालनताई पुटपुटल्या.

तेवढ्यात माझ्या मानेवरून वारा गेला. गार, शेवाळाच्या वासाचा. पंखा बंद होता. कानाशी कापड फडफडल्यासारखं झालं. मी मागे वळून भिंतीवर हात ठेवला. भिंत तापलेली, कोरडी ठणठणीत. हात काढला तर तळवा ओला.

घरी आलो आणि संध्याकाळीच दौलतशेठना फोन लावला. म्हटलं, ते चित्र मी साइटवरून काढून टाकतोय, लोक फसतायत.

"वेडा आहेस का? आत्ता तर जमलंय! खुर्चीत आजी बसवलीस ना, पाठमोरी, ते झकास केलंस."

मी साइट उघडली. खुर्चीत कोणीतरी होतं. पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा, खांद्यावर तपकिरी शाल. ती शाल माझ्या मांडीवरच्या बॅगेत होती.

चित्र काढून टाकलं. मग अख्खी साइटच पुसली. वीस वर्षं हेच करतोय, पुसायचं कसं ते मला कळतं. सकाळी उघडली तर जशीच्या तशी. खाली लिहिलं, 'हे चित्र खरं नाही. आधी जागा बघून या.' ते वाक्य फक्त माझ्याच स्क्रीनवर दिसतं, बाकी कुणाला नाही. म्हणून दर मंगळवारी मोहन्याच्या त्या फाटकाशी उभा राहतो. चौकशीला येणाऱ्यांना सांगतो, आत खिडकी नाहीये. लोक मला थापाड्या समजतात.

असू दे. पण गेल्या महिन्यात चित्रात दुसरी खुर्ची आली. काकूंच्या शेजारी, रिकामी. वेताची नाही. काळी, चाकांची, उजव्या हातावर फाटली म्हणून निळी चिकटपट्टी लावलेली. ती पट्टी मी लावलेली. याच टेबलाशी, याच जागी.

त्याच दिवशी खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली. डोळ्यांदेखत टेम्पोत चढवली. चित्रातली गेली नाही.

तुम्ही म्हणाल शेवट कच्चा आहे. आहेच. तो अजून व्हायचाय. कालपर्यंत ती खुर्ची खिडकीकडे तोंड करून सरळ उभी होती. आज सकाळी बघितलं तर थोडी बाहेर सरकलीय, माझ्याकडे. तिरकी. टेबलाखालून कोणीतरी पायाने ढकलावी तशी.