प्रिन्सिपेच्या रेषेवर

साओ तोमेची बोट आमच्या प्रिन्सिपेच्या धक्क्याला लागली तेव्हा मी पावसात डोक्यावर केळीचं पान धरून उभी होते. त्या बेटाचे फुटबॉलचे विजेते उतरले… कसले विजेते! समुद्राने एकेकाला पार पिळून काढलं होतं. शेवटचा तर धक्क्यावरच मटकन बसला. मी त्याच्यापुढे लिंबू धरलं.

"हुंगा. बरं वाटेल."

"काही घातलं नाहीस ना यात? उद्या तुमच्याशीच खेळायचंय."

"घालायचं कशाला? अर्धमेलेच तर आलात!"

तो हसला. त्याचं नाव देल्फिम. त्या हसण्याने मी तिथेच घायाळ झाले, लपवण्यात अर्थ नाही.

आमचा देश म्हणजे दोन बेटं. मोठ्या साओ तोमेची स्पर्धा वेगळी, आमच्या चिमुकल्या प्रिन्सिपेची वेगळी. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी खेळतात, एकदा तिकडे, एकदा इकडे. तिकडचा सामना बरोबरीत सुटला होता. रेषेवर झेंडा धरायला दोन्ही बेटांचं एकेक माणूस, असा आमच्याकडचा रिवाज. आमचा झेंडा माझ्याकडे होता. संध्याकाळी भाजलेला मासा आणि निरफणस खाताना मी हे सांगितलं, तर त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे उद्या तूच, झुल्मिराबाई, माझ्यावर झेंडा उचलणार?"

"चुकलास तर."

"आणि नाही चुकलो तर?"

"तर… बघत राहीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही एका गोलने पुढे होतो. सामना संपत आला आणि देल्फिमने चेंडू जाळ्यात मारला. पण सोबत्याने त्याला पास दिला तेव्हा तो आमच्या शेवटच्या बचावपटूच्या पाऊलभर पुढे होता. ऑफसाइड… मी स्पष्ट पाहिलं होतं. हात जड झाला. उचलूच नये असं वाटलं, खरंच. तरी उचलला.

गोल रद्द झाला, आम्ही जिंकलो. त्याचे सोबती माझ्या अंगावर धावून आले.

"आपल्या बेटासाठी खोटा झेंडा!"

"विकली गेली ही!"

हे दोन्ही बेटांवर पसरलं असतं, आणि माझ्या हातात पुन्हा कुणी झेंडा दिला नसता.

"मी पुढे होतो," देल्फिम मध्ये येत म्हणाला. "झेंडा खरा आहे."

त्यानंतर त्याच्याशी कुणी बोलेना. परतीच्या बोटीजवळ तो एकटाच बसला होता. मी पुन्हा लिंबू दिलं.

"गप्प का नाही बसलास?"

"लवकर धावलो, कारण… तुझ्याकडे बघत होतो. मूर्खपणा माझा. त्याची शिक्षा तुला कशाला?"

माझे डोळे भरून आले. "देल्फिम, मला तू आवडतोस. पुन्हा कधी येशील?"

"आमच्या बेटाची स्पर्धा पुन्हा जिंकलो तर. आणि मला संघात ठेवलं तर."

"आणि नाही ठेवलं तर?"

बोटीचा भोंगा वाजला.

"अरे, जिंकूनच यायला हवं असं कुणी सांगितलं? हरून ये," मी म्हणाले. "नुसता ये."

त्याने लिंबू मुठीत घट्ट धरलं आणि मान हलवली… बोट दूर गेली तरी तो मागच्या कठड्याशी उभाच होता. मी पिशवीतून झेंडा काढला आणि उंच धरला. आजवर मी तो थांबवण्यासाठीच उचलला होता. आज बोलावण्यासाठी उचलला.