वितळलेलं सूत

भट्टीघरात दुपारचं ऊन धुरकट काचांतून उतरत होतं. पांढरंशुभ्र सूत लहान भट्टीतून संथ सरकत पिवळं, मग तपकिरी, मग काळं, म्हणजे कार्बनचं, होत होतं. वहिनी भान हरपून बघत राहिल्या. दीर जांभया देत होता. वहिनी गुप्तहेर, त्यांची पिशवी सांभाळणं हे त्याचं काम.

त्यांना बोलावून घेणारी मुलगी कुबड्यांवर उभी होती. मोटारसायकलच्या शर्यतीत तिचा पाय गेला होता. नव्या पायासाठी राखलेलं कार्बनचं रीळ सकाळी शेवटच्या शेकाला मोठ्या भट्टीत ठेवलं. भट्टी उघडली तर आत नुसता वितळलेला गोळा!

"भट्टीवाल्यादादांची नोकरी जाईल," ती म्हणाली. "त्यांच्या हातून असं होणार नाही."

भट्टीवाला रडकुंडीला आला होता. "हवा शिरू नये म्हणून नायट्रोजन सोडला होता, बाई. आत हवा शिरली, तर कार्बन जळून नाहीसा होतो."

"आणि वितळतो कधी?" वहिनींनी विचारलं.

"छे! लोखंड वितळेल, हा नाही."

वहिनींनी गोळा उन्हात धरला. तो गुळगुळीत चकाकला.

दिरानं भिंतीवरची पाटी वाचली. "रेडिओला बंदी? हा काय जाच!"

"कार्बनच्या धुळीतून वीज वाहते, साहेब. ती धूळ यंत्रात शिरली की यंत्र गेलंच."

कोठारातल्या मावशी म्हणाल्या, "रिळाचा डबा दहा मिनिटं व्हरांड्यात होता. कुणीही उघडला असेल."

शेजारच्या खोलीत मुलीचे वडील कृत्रिम पायांसाठी काचेच्या धाग्यांचे साचे करत होते.

"इथे कार्बन वापरता?" वहिनींनी विचारलं.

"अजून आलाच नाही. रीळच जळालं."

"रेडिओ छान आहे. लावा की."

"आजच ठिणगी उडाली आणि मुका झाला."

वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"कार्बन वितळत नाही. वितळली ती काळी रंगवलेली काच, आणि काचेचा धागा याच खोलीत असतो. मग कार्बन कुठे गेला? जिथे तो आलाच नाही म्हणतात, तिथे आज रेडिओत ठिणगी का उडाली? भाऊजी, रेडिओची मागची फळी काढा."

"आत उंदीर आहे का?" म्हणत दिरानं फळी काढली. आत काळं रीळ होतं.

वडील म्हणाले, "रस्त्यावरून मीच उचललं होतं तिला. पाय मिळाला की परत गाडीवर बसेल."

"बसणारच, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "तुमच्या भीतीपायी दादांचं घर उघड्यावर येणार होतं."

वडिलांनी भट्टीवाल्यापुढे हात जोडले. तो रीळ उचलून भट्टीकडे निघून गेला.

बऱ्याच वेळानं वडिलांनी मोजपट्टी घेतली आणि लेकीसमोर गुडघे टेकले. "सरळ उभी राहा," ते म्हणाले. "माप चुकायला नको."