मॅलकीचं गरम पाणी

विश्वास ठेवा म्हणून मी गळ घालणार नाही. पण ही मनची गोष्ट नाही. माझ्या आजीची आई, डीलिया टियर्नी, हिच्या बाबतीत हे घडलं. सेंट लुईसमधल्या आमच्या आयरिश वस्तीत, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, दिवेलागणीला. संघांची नावं सांगत नाही. त्या खेळाडूंची पतवंडं अजून आमच्या शेजारात आहेत.

त्या काळी बेसबॉलच्या दोन लीग होत्या. हंगाम संपला की दोन्हींचे विजेते गावोगाव फिरून एकमेकांशी खेळायचे आणि त्यातून जगज्जेता ठरायचा. डीलियाचा नवरा मॅलकी आमच्या संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. तेव्हाच्या कॅचरना धड हातमोजेही नसत. बोटं मोडून मोडून त्याचे हात आल्याच्या गड्ड्यासारखे झाले होते.

घरी आला की तो आधी खुर्चीत बसायचा आणि मीठ-व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात हात बुडवायचा. पाणी झोंबलं की दातांतून "स्स्स..." करायचा.

हात धुऊन होईस्तोवर डीलियाने मागे वळून बघायचं नाही, असा त्याचा नियम होता. ते रक्ताळलेले हात तिने बघितलेले त्याला खपत नसत.

तिला आठवा महिना लागला होता. ही शेवटची मालिका, मग दारूच्या कारखान्यात गाडी हाकीन, असा शब्द देऊन तो निघाला होता.

"हात शाबूत घेऊन ये. बाळाला घ्यायला लागतील," ती म्हणाली.

"बाकीचा मागे राहिला तरी हात पाठवून देईन," तो हसला.

तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तेवढाच तिचा निरोप.

शेवटचा सामना दूरच्या गावी होता. आमची माणसं इकडे गुत्त्यावरच्या माडीवर जमली. भिंतीवर मैदान रंगवलेला मोठा फळा होता. तारबाबू फर्गस यंत्राची टकटक ऐकायचा आणि खेळाडूंच्या नावाच्या पत्र्याच्या पाट्या या खिळ्यावरून त्या खिळ्यावर लावायचा. पाटी सरकली की लोक ओरडायचे, जणू समोर माणूसच धावतोय. डीलिया पुढच्याच बाकावर बसली होती. तिची नजर एकाच पाटीवर होती.

तिसऱ्या डावात यंत्र टकटकलं...

फर्गस उठला. मॅलकीच्या पाटीला त्याने हात घातला. मग डीलियाकडे बघितलं.

हात हळूच खाली आला.

"काय रे, झोपलास का?" मागून कुणीतरी टोमणा मारला. तार अडखळतेय, असं काहीसं तो पुटपुटला. त्यानंतर त्याने एकदाही डीलियाकडे बघितलं नाही.

नववा, म्हणजे शेवटचा डाव आला. धावा बरोबरीत. मॅलकीची पाटी तिसऱ्या बेसवर. ती होम बेसला पोचली की धाव पुरी आणि आपण जगज्जेते.

आणि यंत्र थांबलं...

माडीवर कुणी खोकलंसुद्धा नाही. फर्गसचे दोन्ही हात टेबलावर होते. हे कितीतरी जणांनी बघितलं.

पाटी हलली...

खिळ्यावरून सुटली आणि होम बेसच्या खिळ्याला जाऊन लटकली.

एकच गलका झाला. टोप्या उडाल्या. पाटी कुणी हलवली, हे विचारायची कुणाला शुद्ध नव्हती. फर्गसचा चेहरा तेवढा पांढराफटक पडला होता.

डीलिया रडत-हसत घरी आली. दाराला कडी घातली. मॅलकीची गाडी दुसऱ्या दिवशीची, हे तिला ठाऊक होतं. तरी आनंदाच्या भरात तिने पाणी तापवलं, पसरट भांड्यात ओतलं, खुर्चीपुढे ठेवलं आणि पुन्हा चुलीकडे वळली.

मागे जिन्यावर पावलं वाजली...

खुर्ची करकरली...

पाणी डुचमळलं...

"स्स्स..."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मॅलकी? गाडी तर उद्याची ना रे?"

नुसतं पाणी हलत होतं.

ती वळली नाही. नियम होता म्हणून. आणि वळलं तर तिथे कुणी नसेल, या भीतीने. चुलीकडे तोंड करूनच ती बोलत राहिली. बाळाने किती लाथा मारल्या ते सांगितलं. "दमलास ना? भिजव हात. मी नाही बघत," म्हणाली.

दारावर थाप पडली. ती वळली.

खुर्ची रिकामी. दाराला आतून कडी तशीच होती.

बाहेर फर्गस उभा होता, टोपी हातात धरून.

"वहिनी, तिसऱ्या डावात चेंडू त्याच्या कानशिलावर बसला. तो जागीच गेला. तुम्ही समोर बसला होतात, माझ्याने पाटी उतरवली नाही. बदली गडी जे खेळला ते त्याच्या नावावर लावत राहिलो."

"आणि शेवटची धाव?"

"ती झालीच नाही. तो गडी तिसऱ्या बेसवरच अडकला. तार उशिरा आली. बरोबरी सुटेना म्हणून जादा डाव झाला, त्यात आपण हरलो." त्याला हुंदका आवरेना. "त्या पाटीला मी हात लावला नव्हता, वहिनी."

भांड्यातलं पाणी लाल झालं होतं. तळाशी मैदानाची माती होती.

डीलिया म्हातारी होऊन गेली. धावेबद्दल किंवा हरण्याबद्दल ती कधी बोलली नाही. आजीला एवढंच म्हणायची, "एकदा वळायला हवं होतं गं. निदान हात तरी दिसले असते." आणि मग तोंड फिरवून बसायची.

ते भांडं आता माझ्याकडे आहे. गेल्या ऑक्टोबरात पाय शेकायला मी त्यात गरम पाणी ओतलं आणि टॉवेल घ्यायला कपाटाकडे वळले.

मागे पाणी हललं...

बघायचं, असं मी लहानपणापासून ठरवून ठेवलं होतं. डीलियासाठी तरी. पण पाणी शांत होईपर्यंत मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

मीही वळले नाही.