वेदीमागची गोधडी

दुपारचं जेवण आटोपून सत्यशीला सुपेला वस्तीतल्या चर्चमध्ये शिवायला बसली. वेदीमागे टांगायच्या पडद्याचं काम तिच्याकडे होतं. साल चौऱ्याऐंशी. महिन्याभरापूर्वी पलीकडच्या लोखंड ओतायच्या खाजगी कारखान्यात भट्टी फुटली होती. मेलेल्या सात मजुरांच्या कपड्यांचे तुकडे जोडून हा पडदा व्हायचा होता.

सात, कारण मालकाची यादी सातवर संपत होती. ठेकेदाराच्या हजेरीत ज्याचं नावच नाही, त्याला मरण्याचीही सोय नव्हती. सत्यशीलाचा नवरा आनंदराव त्याच पाळीला गेला होता. त्याच्यासारखे बिनहजेरीचे आणखी किती होते, ते कुणी मोजलं नव्हतं. ठेकेदार म्हणाला, पळून गेला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. आठवी जागा त्याच्यासाठी ठेवा, एवढंच तिने पास्टर केवलरामांकडे मागितलं. पडदा लावायच्या प्रार्थनेला मालक पाहुणे म्हणून येणार होते. पास्टरांनी मान खाली घातली. दारोदार फिरून थकलेल्या सत्यशीलाने वाद घातला नाही.

गोधडीसारखी ती काठाकडून आत, गोल गोल शिवत गेली. सातवा तुकडा लागला तरी मधे वीतभर भोक उरलं. उद्या तिथे पांढरा क्रूस लावू, असं ठरवून पास्टरांनी तिच्यादेखत कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच जळक्या लोखंडाचा वास आला. भोक बुजलं होतं. निळ्या चौकड्यांचं कापड, बारीक धावदोरा. आनंदराव हाच शर्ट घालून कामावर गेला होता.

पास्टर पडद्याजवळ गेले. मग हळूच म्हणाले, “बाई... ये आपने किया?”

“मी तं काल तुमच्या संगंच निंगाली जी.”

“निकाल दीजिए. मालिक देखेंगे...”

तिने कात्री उचलली, डावा हात कापडावर ठेवला. कापड कोमट होतं. अंगातून नुकत्याच काढलेल्या शर्टासारखं. तिने कात्री त्यांच्यापुढे धरली.

“माह्या हातानं नाई होत. तुमीच उसवा.”

पास्टरांनी कात्री घेतली नाही. सत्यशीला पायरीवर बसली. पळून गेलेल्याची बायको म्हणून महिनाभर गळ्यात ठेवलेली काळी पोत तिने काढली आणि पदरात बांधली.

“बाई...” पास्टरांनी पडद्याकडे बोट केलं. “इधर देखिए.”

निळ्या तुकड्याच्या खाली, काल सलग शिवलेल्या जागी, आणखी पाच भोकं पडली होती. प्रत्येक वीतभर. कडा कुणीतरी नीट आत दुमडून ठेवल्या होत्या, तुकडा लावायच्या आधी दुमडतात तशा.